माशी, ठिपका आणि हॉवर्ड ग्रब

रोह्यात दसरा झाला की ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते. पोलिसांची तुकडी देवाला सशस्त्र मानवंदना देते आणि तो क्षण पाहायला मुंबई-पुण्याला पांगलेले रोहेकरही गावी येतात. आमच्या मामांचे लक्ष लहानपणी देवाइतकेच त्या रायफलींच्या टोकाकडे असे. नळीच्या टोकावर तो एवढासा दात कशासाठी? त्याला माशी म्हणतात आणि नेम धरताना नजर तिच्यावर ठेवायची असते, हे कळल्यापासून त्यांना नेमबाजीचे जे वेड लागले ते आजतागायत. शाळामास्तर झाल्यावर त्यांनी परवाना न लागणारी छर्र्याची बंदूक घेतली. परसात मातीच्या बांधाला कागदी लक्ष्य टाचून त्यांनी भाच्या-पुतण्यांच्या दोन पिढ्या तयार केल्या. पाखरावर नेम धरायचा नाही आणि नळीचे तोंड माणसाकडे वळवायचे नाही, हे दोन नियम आधी पाठ. बंदूक त्यानंतर हातात.

साठी उलटली आणि मामांना माशी दिसेनाशी झाली. वाचायचा चष्मा लावला की माशी स्पष्ट, पण लक्ष्य धुक्यात. चष्मा काढला की लक्ष्य स्पष्ट आणि माशी गायब. पूर्वी दहा मीटरवर लिंबाएवढ्या जागेत बसणारे पाच छर्रे आता पुरीएवढ्या जागेत विखुरू लागले. मामांनी बंदूक फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली.

ती खाली काढली पेणच्या भाच्याने. हा भाचा गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतो, त्यामुळे डोळ्यांच्या तक्रारी त्याला वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत. तो अडीच हजारांच्या आतली एक ‘रेड डॉट साइट’ घेऊन रोह्याला आला. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी नळकांडी, आत काच, आणि काचेतून पाहिले की समोर तरंगणारा लाल ठिपका. सिनेमात शत्रूच्या छातीवर पडतो तो लेझरचा ठिपका हा नव्हे. या साइटमधला ठिपका लक्ष्यावर पडतच नाही. तो फक्त पाहणाऱ्याच्या डोळ्याला दिसतो.

ही युक्ती कुणा चिनी किंवा अमेरिकन कंपनीची असेल, असे आम्हाला वाटले होते. शोध घेतला तेव्हा हाती लागले डब्लिनच्या एका दुर्बीण घडवणाऱ्याचे नाव. आणि त्या माणसाच्या कारखान्याचा धागा थेट आपल्या पुण्यापर्यंत येत होता.

नोटांच्या यंत्रापासून ताऱ्यांपर्यंत

हॉवर्ड ग्रब याचा जन्म २८ जुलै १८४४ रोजी आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात झाला. वडील टॉमस ग्रब हे स्वतःच्या हिमतीवर शिकलेले यंत्रज्ञ. बँक ऑफ आयर्लंडच्या नोटा छापण्याची आणि त्यांवर क्रमांक घालण्याची यंत्रे त्यांनी तयार केली. दिवसा नोटांची यंत्रे आणि उरलेल्या वेळात दुर्बिणी, असा त्यांचा संसार. त्या घरात वाढलेल्या मुलाने लेथ आणि भिंग यांच्याशी मैत्री केली नसती तरच नवल.

हॉवर्ड ट्रिनिटी कॉलेजात स्थापत्य अभियांत्रिकी शिकत होता. तेवढ्यात वडिलांच्या हाती एक प्रचंड काम आले. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहराला ४८ इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण हवी होती. वडिलांचे वय झालेले. मुलाने शिक्षण अर्धवट सोडले आणि तो कारखान्यात उतरला. त्या काळी मोठे आरसे काचेचे नसत. तांबे आणि कथील यांच्या ठिसूळ मिश्रधातूचे ओतीव आरसे करीत. एवढा मोठा रस ओतायचा, तडा न जाऊ देता हळूहळू थंड करायचा आणि मग आठवडेच्या आठवडे घासत बसायचे. घासले की पृष्ठभाग तापतो, तापला की फुगतो, आणि फुगलेल्या आरशाची परीक्षा खोटी ठरते. म्हणून घासणे थोडे आणि वाट पाहणे फार, असा हा धंदा. हॉवर्डने तो विशीतच आत्मसात केला.

१८६८ साली दुर्बीण पुरी झाली. नामांकित खगोलशास्त्रज्ञांच्या समितीने ती डब्लिनमध्येच तपासली आणि पसंत केली. बापलेकांचे नाव झाले. १८६९ मध्ये दुर्बीण मेलबर्नला उभी राहिली आणि तिथे तिचे ग्रह फिरले. वाटेत गंजू नये म्हणून आरशावर लाखेचा लेप दिला होता. तो काढण्यात चकाकी बिघडली. निरीक्षणाच्या वेळी इमारतीचे छप्पर सरकवून बाजूला करीत, त्यामुळे जाळीची लांब नळी वाऱ्यावर थरथरे. शिवाय धातूचा आरसा काळवंडला की त्याला नुसते पुसून भागत नाही. पुन्हा चकाकी द्यायची म्हणजे आरशाचा आकारच नव्याने घडवायचा, आणि ती विद्या हजारो मैलांवर, डब्लिनमध्ये. ज्या यंत्राकडून जगाने एवढी आशा केली, त्याने निराशाच पदरी टाकली.

या अपयशात ग्रबचा हात किती आणि मेलबर्नकरांचा किती, यावर पुष्कळ वाद झाले. पण त्यातला धडा मोठा होता. कारखान्यात खरे ठरलेले यंत्र गिऱ्हाइकाच्या अंगणात, त्याच्या हवेत आणि त्याच्या हातात खरे ठरेलच असे नाही. रोह्याच्या परसात आम्हाला हाच धडा अडीच हजारांत मिळायचा होता. त्याची हकीकत पुढे येईलच.

व्हिएन्ना ते पुणे

मेलबर्नच्या अनुभवाने हॉवर्ड खचला नाही. ऑस्ट्रियाच्या राजधानीसाठी, व्हिएन्नासाठी, त्याने २७ इंची भिंगाची दुर्बीण घडवली. १८८० च्या दशकाच्या आरंभी ती पुरी झाली तेव्हा भिंगाची एवढी मोठी दुर्बीण जगात दुसरी नव्हती. १८८३ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला आणि १८८७ मध्ये ‘सर’. ग्रिनिचच्या वेधशाळेची २८ इंची दुर्बीणही त्याच्याच कारखान्यातली. साऱ्या आकाशाचा छायाचित्रांवरून नकाशा करण्याचा आंतरराष्ट्रीय संकल्प सुटला, तेव्हा अनेक देशांनी आपल्या दुर्बिणींसाठी डब्लिनचाच दरवाजा ठोठावला.

त्या दरवाज्यावर एक हाक महाराष्ट्रातूनही गेली. कावसजी दादाभाई नायगमवाला हे पुण्याच्या सायन्स कॉलेजातले, म्हणजे आजच्या सीओईपीतले, प्राध्यापक. भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांची देणगी आणि सरकारची मदत यांतून त्यांनी १८८८ च्या सुमारास कॉलेजच्या आवारात वेधशाळा उभारली आणि तिला महाराजांचेच नाव दिले. तिथली २० इंची दुर्बीण ग्रबची. तेव्हा हिंदुस्थानात तिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकून निरीक्षणे केली. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण दक्षिणेत कोडाईकनालला गेली. हैदराबादच्या निजामिया वेधशाळेतली १५ इंची दुर्बीणही ग्रबचीच होती.

बंदुकीकडे वळलेली नजर

ताऱ्यांच्या या कारागिराने १९०० साली बंदुकीत लक्ष घातले. रॉयल डब्लिन सोसायटीपुढे त्याने एक निबंध ठेवला आणि एका नव्या साइटचे पेटंटही घेतले. त्याने हात घातला तो नेमक्या आमच्या मामांच्या दुखण्याला.

साध्या बंदुकीने नेम धरताना तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात: डोळ्याजवळची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि दूरचे लक्ष्य. तिन्ही वेगवेगळ्या अंतरांवर. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. तरुण डोळा भराभर आतबाहेर करून वेळ मारून नेतो. वय झालेल्या डोळ्याला ते जमत नाही. मग दुर्बीण लावावी, तर तिच्यातून आकाशाचा तुकडाच दिसतो आणि डोळा एका ठरलेल्या जागी धरून ठेवावा लागतो.

ग्रबने उपाय काढला तो दुर्बिणी घडवता घडवता हाताशी आलेल्या ज्ञानातून. भिंगाच्या बरोबर नाभीशी एक खूण ठेवली की तिच्यापासून निघणारे किरण भिंगातून समांतर होऊन बाहेर पडतात. ताऱ्याचे किरणही आपल्यापर्यंत समांतरच येतात. म्हणजे एक वीत अंतरावरची ती खूण डोळ्याला ताऱ्याइतकी दूर भासते. आता ही खूण तिरप्या पारदर्शक काचेत परावर्तित करायची आणि त्याच काचेतून लक्ष्य पाहायचे. खूण आणि लक्ष्य दोन्ही लांब, दोन्ही एकाच वेळी स्पष्ट! डोके जरा डावी-उजवीकडे गेले तरी खूण लक्ष्यावरून ढळत नाही. खाच नको, माशी नको. बघायचे ते फक्त लक्ष्याकडे.

एवढी सुंदर कल्पना; पण बंदुकीच्या जगाने तिचे लगेच स्वागत केले नाही. ग्रबला मिळाले ते दुसरेच काम. ब्रिटिश आरमाराने नुकत्याच पाणबुड्या घेतल्या होत्या आणि पाण्याखालून वर पाहायला डोळा हवा होता. ग्रबने पेरिस्कोप घडवायला घेतले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश पाणबुड्यांची दृष्टी मुख्यतः त्याच्याच कारखान्यातून येत होती. आकाशाकडे पाहणारा माणूस समुद्राच्या तळातून वर पाहू लागला तो असा.

या कामाचे मोल त्याला जबर पडले. आयर्लंडमधल्या अशांततेमुळे सरकारने कारखाना इंग्लंडात सेंट ऑल्बन्सला हलवायला लावला. तिथे घडी बसते न बसते तोच युद्ध संपले आणि पेरिस्कोपची मागणी आटली. महागाई आणि संप यांनी पाठ धरली, दुर्बिणींची जुनी कामे रखडली. १९२५ मध्ये कारखाना दिवाळ्यात निघाला. वाफेच्या टर्बाइनचे जनक सर चार्ल्स पार्सन्स यांनी तो विकत घेतला आणि मालकाचे नाव राखून ग्रब-पार्सन्स कंपनी काढली. ऐंशी ओलांडलेला हॉवर्ड डब्लिनला परतला. १६ सप्टेंबर १९३१ रोजी त्याचे निधन झाले.

बंदुकीच्या साइटने त्याला हयातीत ना पैसा दिला ना नाव. १९१८ मध्ये जर्मन लढाऊ विमानांवर ती प्रथम चढली. १९४० च्या हवाई लढाईत ब्रिटनच्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांचे वैमानिक त्याच तत्त्वावरच्या काचेतून पाहत होते. हातातल्या बंदुकीवर ती यायला मात्र सतत जळणारा, चिमुकला आणि गार दिवा हवा होता. तो एलईडीच्या रूपाने मिळाला आणि १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने इलेक्ट्रॉनिक लाल ठिपका बाजारात आणला. आज त्याच्या स्वस्त आवृत्त्यांचा सुळसुळाट आहे.

रोह्याच्या परसात

आता आमची हकीकत. भाच्याची साइट बंदुकीवर चढवली आणि पहिल्याच दिवशी मामा खुलले. दुसऱ्या दिवशी मात्र छर्रे लक्ष्य सोडून भलतीकडे जाऊ लागले. दोष मामांचा की साइटचा? मास्तरांच्या शिस्तीने चाचणी सुरू झाली. तांदळाच्या दोन पिशव्यांवर बंदूक घट्ट बसवली, ठिपका लक्ष्याच्या मध्यावर आणला आणि बंदुकीला हात न लावता डोके फक्त डावी-उजवीकडे हलवले. ठिपका लक्ष्यावरून बोटभर सरकला. ग्रबचे समांतर किरण इथे समांतर नव्हतेच. मग साइटचा स्क्रू वीस खटके वर, वीस उजवीकडे, वीस खाली आणि वीस डावीकडे फिरवला. प्रत्येक कोपऱ्यावर तीन-तीन छर्रे. कागदावर चौकोन उमटून शेवटचे छर्रे पहिल्या जागी परत यायला हवेत. आमचा चौकोन बंदच झाला नाही. स्प्रिंगची छर्र्याची बंदूक मागे धक्का देते आणि लगेच पुढेही झटका देते. या दुहेरी हिसक्याने साइटच्या पोटातले भाग सैल होतात. काचेवरचा चकचकीतपणा आणि खोक्यावरची लांबलचक यादी यांतून हे कळत नाही.

ती साइट परत गेली. दुसरी थोड्या जास्त किमतीची आणली, पण निवडताना प्रश्न वेगळे होते. ती स्प्रिंगच्या बंदुकीसाठी म्हणून विकली जाते का? ठिपका पुरेसा बारीक आहे का? तीन मिनिटांच्या कोनाचा ठिपका दहा मीटरवर सुमारे ९ मिलिमीटर जागा झाकतो, म्हणजे कागदी लक्ष्याचा मध्य दिसेनासाच होतो. उजेड खूप कमी करता येतो का? पन्नास छर्र्यांनंतर आणि रात्रभर पडवीत ठेवल्यावर ती जागेवर राहते का, आणि आत धुके धरते का? कोकणच्या हवेत शेवटचा प्रश्न विसरून चालत नाही.

मामांना ठिपका आधी फुटक्या तारेसारखा दिसत होता. भाच्याने साइटमागे मोबाइल धरून फोटो काढला, तर त्यात ठिपका गोल! दोष मामांच्या डोळ्यातला, ॲस्टिग्मॅटिझमचा होता. नव्या नंबरचा चष्मा आला आणि तारेचा पुन्हा ठिपका झाला. दहा मीटरच्या स्पर्धेत ही साइट चालत नाही. तिथे बारीक भोकाचीच साइट लागते. पण मामांना स्पर्धा कुठे खेळायची होती?

या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत परसात पुन्हा लक्ष्य टाचले गेले. पाच छर्रे लिंबाएवढ्या जागेत बसले नाहीत, मोसंब्याएवढ्या जागेत बसले. मामांना तेवढे पुरले. पालखीच्या वेळी पोलिसांनी रायफली उचलल्या, तेव्हा सवयीने त्यांची नजर पुन्हा माशीकडे गेली. ती त्यांना दिसली नाही, पण या वेळी त्यांना त्याचे वाईट वाटले नाही.