उसाच्या पेशीतील भांडवल

बारामती-इंदापूरच्या कालव्याखालील बागायतदार उसाचे टन मोजतो, उतारा विचारतो आणि दराचा हिशेब मांडतो. परंतु आपल्या शिवारातील ‘को ८६०३२’ या जातीच्या नावातील ‘को’ हे अक्षर कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेचे आहे, याचे स्मरण त्याला क्वचितच असते. नीरेच्या पाण्याइतकेच मोलाचे या भागाचे भांडवल उसाच्या गुणसूत्रांत साठलेले आहे. त्या गुणसूत्रांच्या अभ्यासात उमेदीची वर्षे वेचणाऱ्या डॉ. जानकी अम्मल यांचे चरित्र म्हणूनच येथे मननीय ठरते.

केरळातील तेल्लिचेरी येथे १८९७ साली त्यांचा जन्म झाला. मुलींचे विवाह लवकर उरकण्याच्या त्या काळात त्यांनी विद्येची वाट धरली आणि १९३१ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली. १९३४ मध्ये त्या कोइमतूरला आल्या. गोड पण नाजूक उसाचा काटक रानटी उसाशी संकर करण्याचे काम तेथे आधीच सुरू होते. गोड उसात ८० गुणसूत्रे असतात, तर रानटी उसाच्या निरनिराळ्या प्रकारांत ४० पासून १२८ पर्यंत. एरवी संकरात माता आणि पिता आपापल्या गुणसूत्रांचा निम्मा वाटा देतात. गोड उसाची माता मात्र या संकरात पुष्कळदा सर्वच्या सर्व ८० देऊन टाकते. अशा गुंतागुंतीच्या वनस्पतीच्या पेशी जानकी अम्मल सूक्ष्मदर्शकाखाली तपाशीत राहिल्या. उसाचा मक्याशी संकरही त्यांनी घडविला.

१९३९ मध्ये त्या ब्रिटनमध्ये असताना महायुद्ध पेटले आणि मुक्काम लांबला. बॉम्बवर्षावाच्या त्या काळातही त्यांचे संशोधन चालू राहिले. डार्लिंग्टन यांच्यासह सिद्ध केलेला लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून त्या मायदेशी परतल्या. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांनी गुणसूत्रे मोजली तेव्हा डीएनएची रचना अज्ञात होती. ती १९५३ मध्ये उलगडली. एकमेकांभोवती वळलेले दोन धागे पेशीविभाजनापूर्वी विलग होतात आणि प्रत्येक धागा साच्याप्रमाणे आपला नवा जोडीदार घडवितो. ऊस आपण बियांपासून नव्हे, तर टिपऱ्यांपासून लावतो. त्यामुळे नवी लागण असो वा खोडवा, त्याच डीएनएची नक्कल पुढे चालते. सारा तालुका एका जातीखाली आला, तर तो जणू एकाच झाडाखाली आला असे समजावे.

या सारखेपणात लाभ आहे, तसा धोकाही आहे. उत्तर प्रदेशात एकेकाळी बहुतांश क्षेत्र व्यापलेल्या को ०२३८ या जातीवर लाल कूज रोगाने अलीकडे केलेला आघात हा त्याचा पुरावा होय. एकाच ठेवीत सर्व पुंजी गुंतविणे अर्थशास्त्राला मान्य नाही. शेतीलाही ते मानवणारे नाही. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील सभांत दराची चर्चा अवश्य व्हावी. परंतु बेणेमळे, नव्या जाती आणि पाडेगावसारखी संशोधन केंद्रे यांसाठीही त्याच आग्रहाने तरतूद मागितली गेली पाहिजे. नदीकाठी उगवणाऱ्या ज्या रानटी उसाला कोणी भाव देत नाही, त्याच्याच काटकपणावर आजचा ऊस उभा आहे. जानकी अम्मल यांनी आयुष्यभर जोपासलेली ही दृष्टी साखरेच्या ताळेबंदात अजून जमा व्हावयाची आहे.