दगडांची साक्ष

स्वित्झर्लंड हा आल्प्स पर्वताच्या कुशीत वसलेला देश. तेथील मोतिए नावाच्या खेड्यात २८ मे १८०७ रोजी लुई अ‍ॅगासिझ यांचा जन्म झाला. बालपणापासून त्यांना मासे पकडून न्याहाळण्याचा नाद होता. पुढे त्यांनी वैद्यकाची पदवी मिळविली. पण मन रमले ते माशांतच. १८३२ मध्ये ते नशातेल येथे प्राध्यापक झाले. खडकांत सापडणाऱ्या माशांच्या अवशेषांवरील त्यांच्या ग्रंथाने त्यांची कीर्ती युरोपभर पसरली.

त्या काळी एक कोडे विद्वानांना सतावीत होते. ज्युरा पर्वत चुनखडकाचा. परंतु त्याच्या उतारांवर ग्रॅनाइटचे प्रचंड धोंडे पडले होते. तसा ग्रॅनाइट दूरच्या आल्प्समध्ये आढळे. मग ते धोंडे तेथे आले कसे? कोणी म्हणत, महापुराने आणले. कोणी म्हणत, प्राचीन समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाने. शारपाँतिए नावाचे अभियंते मात्र ते हिमनद्यांचे काम मानीत.

अ‍ॅगासिझना हे पटेना. शारपाँतिए यांची चूक दाखविण्याच्या हेतूनेच १८३६ च्या उन्हाळ्यात ते त्यांच्याकडे गेले. तेथे त्यांनी हिमनद्यांनी घासलेले गुळगुळीत खडक व त्यांवरील ओरखडे पाहिले. आज जेथे बर्फाचा मागमूस नाही, तेथेही त्याच खुणा होत्या. अ‍ॅगासिझनी आपली चूक निमूटपणे मान्य केली. पूर्वी पृथ्वीवर एक हिमयुग होऊन गेले, असा सिद्धांत त्यांनी १८३७ मध्ये विद्वानांच्या सभेत मांडला. सभेला तो रुचला नाही.

तेव्हा ते पुराव्याच्या शोधात आर नदीच्या उगमाकडील हिमनदीवर गेले. एका मोठ्या खडकाच्या आडोशाला त्यांनी बिऱ्हाड थाटले. १८२७ मध्ये त्या बर्फावर बांधलेली एक झोपडी मूळ जागेपासून चार हजार फुटांहून अधिक खाली सरकलेली त्यांना आढळली. हिमनदी खरोखरच वाहते, याचा हा पुरावा होता. एकदा बर्फातील खोल विवरात दोराने उतरताना त्यांचे पाय थंडगार पाण्यात बुडाले. त्यांच्या हाकेचा अर्थ चुकीचा समजून वरच्या माणसांनी दोर आणखी सैल सोडला! सुदैवाने दुसऱ्या हाकेला त्यांनी त्यांना वर ओढले. १८४० मध्ये त्यांचा हिमनद्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी, हिमनदी नसलेल्या स्कॉटलंडमध्येही त्यांना त्याच खुणा सापडल्या.

उत्तर ध्रुवापासून भूमध्य समुद्रापर्यंत बर्फाची एकच चादर होती, ही त्यांची कल्पना मात्र चुकीची ठरली. समुद्रावरचा बर्फ वितळून जातो; त्याची साक्ष सागरतळाच्या चिखलात असते. हिमनगांतून गळून पडलेले खडे आणि बर्फाजवळ वाढणाऱ्या सूक्ष्म शैवालांची कवचे तेथे साचतात. विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी लांब नळ्यांनी तो चिखल वर काढून तपासला. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी दक्षिण ध्रुवाभोवतीच्या समुद्रावरील हिवाळी बर्फ आजच्या सुमारे दुप्पट क्षेत्रावर पसरला होता, असे त्यावरून दिसून आले.

१८४६ मध्ये अ‍ॅगासिझ अमेरिकेस गेले. हार्वर्ड येथे त्यांनी प्राणिशास्त्राचे मोठे संग्रहालय उभारले. उत्क्रांतीचा सिद्धांत मात्र त्यांनी अखेरपर्यंत स्वीकारला नाही. मानववंशांविषयीची त्यांची मतेही चुकीची व अन्यायकारक होती. तेथे पुराव्यापुढे नमण्याची वृत्ती त्यांनी दाखविली नाही. १४ डिसेंबर १८७३ रोजी ते मरण पावले. आर हिमनदीवरून आणलेला एक धोंडा त्यांच्या समाधीवर उभा आहे. दगडांची साक्ष ऐकून आपले मत बदलणाऱ्या संशोधकाचे याहून उचित स्मारक कोणते?