गाड्या थांबल्या की गाणे सुरू

‘आलम आरा’च्या चित्रीकरणाच्या काळात मुंबईत ग्रँट रोडनजीकच्या इम्पीरियल स्टुडिओत खरे काम सुरू होई ते मध्यरात्र उलटल्यावर. स्टुडिओच्या अगदी शेजारून रेल्वेचे रूळ जात होते. दिवसभर आणि रात्री उशिरापर्यंत गाड्यांची ये-जा चाले आणि प्रत्येक गाडी आपला खडखडाट ध्वनिग्राहकाच्या स्वाधीन करून पुढे जाई. अखेर निर्माते-दिग्दर्शक अर्देशीर इराणी यांनी गाड्यांशी भांडण्याचा नाद सोडला. शेवटची गाडी गेल्यापासून पहाटेची पहिली गाडी येईपर्यंत, म्हणजे साधारण एक ते चार या वेळेत, भारताचा पहिला बोलपट आकाराला आला.

शहापूर तालुक्यातील आसनगाव, आटगाव किंवा खर्डी येथे घरच्या घरी भजन वा भावगीत ध्वनिमुद्रित करणाऱ्या हौशी गायकाला ही कथा निराळी वाटणार नाही. कसाऱ्याकडे जाणारी मालगाडी नेमकी अंतऱ्याच्या समेवर येते. मुरबाडच्या बाजूला रुळांचा त्रास नाही. पण पावसाळ्यात पत्र्यावर कोसळणारी सर आणि अंधार पडताच सुरू होणारे रातकिडे ती उणीव भरून काढतात. आज खोलीच्या कोपऱ्यात बसून जे प्रश्न सोडवले जातात, ते इराणींनी अत्यंत तुटपुंज्या साधनांनिशी सोडवले होते.

अर्देशीर इराणी यांचा जन्म ५ डिसेंबर १८८६ रोजी पुण्यात एका पारशी कुटुंबात झाला. ध्वनीशी त्यांची ओळख चित्रपटाच्याही आधीची. वडिलांचा मुंबईत फोनोग्राफ आणि वाद्यांच्या विक्रीचा व्यवसाय होता आणि तरुण अर्देशीर त्यातच रुजू झाले. कर्ण्यातून निघणारा मानवी आवाज विकत घेण्यासाठी लोक पदरमोड करतात, हे त्यांनी दुकानाच्या गल्ल्यावर बसून पाहिले होते. पुढच्या आयुष्यातील त्यांच्या सर्वांत मोठ्या जुगाराचे मूळ इथे असावे, असे मानण्यास जागा आहे.

१९०३ मध्ये त्यांना १४,००० रुपयांची सोडत लागली आणि चित्रपट व्यवसायाचे दार उघडले. तंबूतील खेळ, अमेरिकेतील युनिव्हर्सल कंपनीचे प्रतिनिधित्व, अब्दुलअली युसुफअली यांच्या भागीदारीत अलेक्झांड्रा व मॅजेस्टिक ही चित्रपटगृहे, १९२० मध्ये ‘नल दमयंती’, आणि १९२६ मध्ये स्वतःची इम्पीरियल फिल्म कंपनी, अशी चढण त्यांनी चढली. मूकपटांत त्यांचे बस्तान उत्तम बसले होते. तिथेच थांबले असते तरी कुणी नाव ठेवले नसते.

एक्सेल्सियर चित्रपटगृहात त्यांनी ‘शो बोट’ हा अर्धवट बोलणारा अमेरिकी चित्रपट पाहिला आणि स्वस्थता संपली. जोसेफ डेव्हिड यांचे पारशी रंगभूमीवरील नाटक हाती होते. परदेशातून टॅनर पद्धतीची यंत्रसामग्री आली आणि तिच्यासोबत विल्फर्ड डेमिंग हे अमेरिकी ध्वनितज्ज्ञही आले. त्यांचा दिवसाचा मेहनताना १०० रुपये होता. त्या काळी ही रक्कम निर्मात्याला घाम फोडणारी होती. म्हणून इराणी आणि त्यांचे सहकारी रुस्तुम भरुचा यांनी महिनाभर डेमिंग यांच्यासोबत राहून ध्वनिमुद्रणाची विद्या आत्मसात केली आणि उरलेले काम स्वतःच निभावले. कलकत्त्याची मादन कंपनीही बोलपटाच्या खटपटीत असल्याने सारे काम गुप्ततेने चालले होते.

अडचण यंत्राच्या स्वभावातच होती. टॅनरच्या कॅमेऱ्यात चित्र आणि ध्वनी एकाच फितीवर उमटत. एखाद्या इंजिनाने मध्येच शिट्टी दिली तर आवाजासोबत दृश्यही बाद होई. पुन्हा मुद्रण करून आवाज जोडण्याची सोय नव्हती. पार्श्वगायनाची रीत येण्यास अजून काही वर्षे अवकाश होता. नटाला कॅमेऱ्यासमोर उभे राहूनच गावे लागे. ध्वनिग्राहक नटांच्या जवळपास, पण कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा जागी दडवले जात. वादकही चौकटीबाहेर लपून साथ करीत. साथीला तबला, पेटी आणि व्हायोलिन एवढाच सरंजाम. चित्रपटात सात गाणी होती. फकिराच्या भूमिकेतील वझीर महंमद खान यांचे गीत हे भारतीय बोलपटातील पहिले गीत मानले जाते.

ध्वनिग्राहक जवळ ठेवण्यामागील तत्त्व आजही तेच आहे. तोंड आणि ध्वनिग्राहक यांतील अंतर निम्मे केले की गायकाचा आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो. दूरच्या गाडीचा आवाज मात्र तेवढाच राहतो. म्हणून वीतभर अंतरावरून गाणे हा कोणत्याही महागड्या उपकरणापेक्षा मोठा उपाय ठरतो. भिंतीवर टांगलेली गोधडी किंवा कपड्यांनी भरलेले उघडे कपाट खोलीतील घुमारा शोषून घेते. बाहेरची मालगाडी तिने अडत नाही. हा फरक न कळल्याने अनेकांच्या गोधड्या विनाकारण खिळ्याला लागतात. संगणकावर नंतर गोंगाट पुसता येतो हे खरे, पण जास्त पुसल्यास गळ्यातील बारकावेही पुसले जातात. गाडी अडवता येत नसेल तर वेळ बदलावी. इराणींनी नेमके तेच केले.

नायक मास्टर विठ्ठल हे मराठी मूकपटप्रेमींचे लाडके. शारदा कंपनीशी झालेला करार मोडून ते आले, प्रकरण न्यायालयात गेले आणि बॅरिस्टर जीना यांनी त्यांची बाजू यशस्वीपणे मांडली. परंतु ध्वनिग्राहक नटाच्या लोकप्रियतेची भीड ठेवत नाही. विठ्ठल यांचे उर्दू उच्चार कच्चे पडले आणि त्यांच्या वाट्याला फारसे संवाद आले नाहीत. त्यांच्यासमवेत झुबेदा आणि पृथ्वीराज कपूर होते.

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ झळकला. गर्दी आवरण्यासाठी पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचे तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेले. त्याच वर्षी इराणींच्या कंपनीने ‘कालिदास’ हा पहिला तमिळ बोलपट पूर्ण केला. १९३३ मध्ये पहिला फारसी बोलपट ‘दुख्तर-ए-लोर’ मुंबईत तयार झाला, तर १९३७ मध्ये ‘किसान कन्या’ हा देशात प्रक्रिया झालेला पहिला रंगीत चित्रपट. ‘पुजारी’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट १९४५ चा. १४ ऑक्टोबर १९६९ रोजी त्यांचे निधन झाले.

रात्र रात्र जागून टिपलेला तो ध्वनी मात्र हाती उरलेला नाही. ‘आलम आरा’ची एकही प्रत उपलब्ध नाही. २००३ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला लागलेल्या आगीत ती जळाली, ही सर्वत्र पसरलेली समजूत चुकीची आहे. संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांनी स्पष्ट केल्याप्रमाणे ती तेथे कधी पोहोचलीच नव्हती. जुन्या फितींतून चांदी काढण्याची त्या काळी सर्रास पद्धत होती. या चित्रपटातील गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या नव्हत्या. त्यामुळे फकिराचे ते गीत वझीर महंमद खान यांनी नेमके कसे गायले, हे आज कुणालाही ऐकता येत नाही. १९७३ मध्ये नानूभाई वकील यांनी ‘आलम आरा’ पुन्हा पडद्यावर आणला, तेव्हा फकिराच्या त्याच भूमिकेत वृद्ध खानसाहेब पुन्हा उभे राहिले होते.