‘डिफरंट’पुढे ‘फ्रॉम’ की ‘टू’? हेन्री फाउलर काय म्हणाले?

‘डिफरंट’पुढे ‘फ्रॉम’च हवं, ‘टू’ चूक, असं बरेच जण ठासून सांगतात. इंग्रज कोशकार हेन्री फाउलर (१८५८-१९३३) यांनी मात्र ही अंधश्रद्धा ठरवली.

मुलांना ख्रिस्ती दीक्षाविधीसाठी तयार करणं पटेना, म्हणून त्यांनी सतरा वर्षांची मास्तरकी सोडली. पुढे धाकट्या भावासोबत, फ्रँकसोबत, लेखन. पहिल्या महायुद्धात ५७ वर्षांचे हेन्री चक्क ४४ वय सांगून भावासह सैन्यात भरती झाले. १९१८ मध्ये फ्रँक क्षयाने गेले. दोघांनी ठरवलेला शब्दप्रयोगांचा कोश हेन्रींनी १९२६ मध्ये एकट्याने पुरा केला, भावालाच अर्पण केला.

‘कम्पेअर टू’ म्हणजे साम्य सुचवणं, ‘कम्पेअर विथ’ म्हणजे साम्य-फरक तपासणं. हा भेद मात्र त्यांनी जपला, कारण इथे अर्थच बदलतो.