भरतीच्या मेडिकलची धास्ती अन् र. धों. कर्वे : उत्तर दिलं म्हणून ज्यांना दंड झाला

दौंड/शिरूर : दौंडला राज्य राखीव दलाचे दोन गट असल्यानं आपल्या भागात भरतीचं वेड जुनंच. पहाटे रस्त्याला पोरं पळताना दिसतात. 1600 मीटर, गोळाफेक, छाती किती फुगते, सगळ्यावर चारचौघांत चर्चा होते. पण मैदान मारलेलं पोरगं मेडिकलची तारीख आली की गप्प होतं. कपडे काढून डॉक्टरसमोर उभं राहायचंय, डॉक्टर खाली हात लावून तपासणार, खोकायला सांगणार. आपलं बरोबर आहे का? एक बाजू खाली का लोंबते? लहानपणी केलेल्या ‘चुकां’मुळं काही बिघडलं तर नाही ना? हे ना बापाला विचारता येतं, ना मित्राला. मग रात्री मोबाईलवर शोधायचं, नाहीतर एसटी स्टँडच्या भिंतीवरचा ‘गुप्तरोग’वाल्याचा नंबर लावायचा.

नेमक्या असल्याच प्रश्नांना मराठीतून छापील उत्तरं देत एका माणसानं 26 वर्षं काढली. त्यांचं नाव रघुनाथ धोंडो कर्वे.

जन्म 14 जानेवारी 1882, कोकणातल्या मुरूडचं घराणं. वडील म्हणजे आपले महर्षी धोंडो केशव कर्वे. रघुनाथ नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई वारल्या. त्याच साली, म्हणजे 1891 ला, वडील फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला पुण्याला आले. 1893 मध्ये त्यांनी एका विधवेशी लग्न केलं अन् मुरूडकरांनी बहिष्कार टाकला. लोक काय म्हणतील याची किंमत काय असते, हे या पोरानं अकराव्या वर्षीच घरात बघितलं. पुढं जे केलं त्याची मुळं इथं असावीत असं आम्हाला वाटतं.

पोरगं हुशार. 1899 ला मॅट्रिकला पहिला नंबर. पुढं बी.ए. होऊन गणिताचे प्राध्यापक झाले. मुंबईच्या विल्सन कॉलेजात पक्की नोकरी होती. गप्प बसले असते तर पेन्शन घेऊन सुखात मेले असते. पण 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी असं केंद्र काढलं तेही त्याच साली, यावरून काळ कोणता होता ते समजा. ते या विषयावर उघड बोलू लागले तसं मिशनऱ्यांच्या त्या कॉलेजला ते खपेना, अन् नोकरी गेली. पत्नी मालतीबाई मात्र सोबत राहिल्या. दोघांनी ठरवून मूल होऊ दिलं नाही.

जुलै 1927 ला त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ नावाचं मासिक सुरू केलं. मुखपृष्ठावर उघड्या शरीराचं चित्र असायचं. लोक चवताळले, पण कर्व्यांना मुद्दामच तसं करायचं होतं. शरीर बघायची लाज सुटली तरच त्याबद्दल सरळ विचारता येईल, असं त्यांचं मत. आत वाचकांचे प्रश्न अन् त्यांची उत्तरं. लोक पत्रानं विचारायचे, अन् ते गणिताच्या मास्तरसारखं कोरडं, थेट उत्तर द्यायचे. हस्तमैथुनानं माणूस खंगतो ही समजूत त्यांनी खोडून काढली. ‘गुप्तरोगांपासून बचाव’ अशा नावाचं पुस्तकच त्यांनी लिहिलं होतं.

याची शिक्षा मिळालीच. एका लेखावरून 1931 ला अश्लीलतेचा खटला अन् 100 रुपये दंड. दुसरा खटला 1934 चा, अन् तो आपल्या विषयाशी थेट लागतो. त्यात आरोप लेखावर नव्हता, वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर होता. हस्तमैथुन, समलिंगी संबंध, असे ते प्रश्न. कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लोक खरी अडचण विचारतात, तर ज्ञानानं उत्तर देणं हा गुन्हा कसा, अशी त्यांची बाजू होती. खटला हरले. 200 रुपये दंड झाला. तेव्हाचे 200 रुपये म्हणजे चेष्टा नव्हती, त्यात मासिक पदरमोड करून चालवलेलं.

आज तसं उत्तर द्यायला कुणी दंड करत नाही, तरी आपल्याकडं पोरं विचारत नाहीत. म्हणून इथंच सांगून टाकतो. एक गोटी दुसरीपेक्षा खाली असणं, बहुतेकांची डावी, हे अगदी नॉर्मल आहे. लिंग लहान-मोठं किंवा थोडं वाकडं आहे, यावरून भरतीत कुणी नापास होत नाही. थंडीनं, भीतीनं ते आक्रसतं, सगळ्यांचंच. झोपेत वीर्य जाण्यानं ताकद जात नाही. डॉक्टर बघतात ते वेगळंच : हर्निया आहे का (खोकायला लावतात ते त्यासाठी), पाणी साचून अंडकोष फुगलाय का म्हणजे हायड्रोसील, शिरा फुगल्यात का म्हणजे व्हेरिकोसील, अन् दोन्ही गोट्या खाली उतरल्यात का. व्हेरिकोसील शंभरात साधारण पंधरा पुरुषांना असतं, अनेकांना पत्ताही नसतो. हाताला गांडुळांचा गुंता लागावा तसं लागतं. हायड्रोसील, हर्निया ऑपरेशननं बरे होतात. म्हणूनच तारखेच्या आदल्या आठवड्यात न जाता चार-सहा महिने आधी सरकारी दवाखान्यात सर्जनला दाखवावं. तिथं हे रोजचं काम आहे, कुणी हसत नाही. भिंतीवरच्या नंबरवाल्याला एक रुपया देऊ नका. अन् एक गोष्ट मात्र लांबवायची नाही : एका गोटीत अचानक जोराची कळ आली, सूज आली, तर रात्र असली तरी लगेच निघायचं. पीळ बसलेला असेल तर सहाएक तासांत सोडवावा लागतो, नाहीतर गोटी गमवावी लागते.

कर्वे शेवटपर्यंत लिहीत राहिले. ‘आधुनिक कामशास्त्र’ लिहिलं, तसं ‘आधुनिक आहारशास्त्र’ही लिहिलं. 14 ऑक्टोबर 1953 ला ते गेले. ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक नोव्हेंबरचा. वडील त्यांच्यामागं नऊ वर्षं जगले, 1958 ला त्यांना भारतरत्न मिळालं. मुलावर अमोल पालेकरांनी ‘ध्यासपर्व’ नावाचा सिनेमा काढला, तो 2001 मध्ये.