सोलापूरचे डॉक्टर

मी कॉन्व्हेंटची, म्हणून आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस मला जरा उशिराच कळले. जन्म १९१०. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टर गेले, त्यात हे एक. तिकडे असताना वडील वारले, तरी ते परतले नाहीत. घरच्यांनी तेही सोसलं. १९४१ मध्ये नर्स क्वो छिंगलान यांच्याशी लग्न झालं. ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले, तेव्हा मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा होता. पुढे क्वो भारतात अनेकदा आल्या, सासरचं नातं त्यांनी शेवटपर्यंत जपलं. सीमेवरून दोन देश भांडले, पण ही दोन घरं तुटली नाहीत. होस्टेलवर घरची आठवण आली की मला हेच आठवतं. मग मी घरी फोन लावते. तुम्हीही लावा!