आधी मोजमाप तपासा : अर्नेस्ट रुदरफोर्ड



रुदरफोर्डचं अणुप्रारूप आपण दरवर्षी शिकवतो. सोन्याच्या पत्र्याची आकृती फळ्यावर काढतो आणि पुढे जातो. पण त्या प्रयोगाआधीची एक गोष्ट सांगायची राहूनच जाते. ती आज पाहू या.

रुदरफोर्ड यांचा जन्म ३० ऑगस्ट १८७१ रोजी न्यूझीलंडमध्ये, नेल्सनजवळ झाला. आई शिक्षिका, घरात बारा भावंडं. शिष्यवृत्तीच्या बळावर ते १८९५ मध्ये केंब्रिजला गेले. पुढे कॅनडात काम केलं आणि १९०७ मध्ये ते मँचेस्टरला प्राध्यापक झाले.

अल्फा कण डोळ्यांना दिसत नाही. तो झिंक सल्फाइडच्या पडद्यावर आदळला की बारीकशी चमक उठते. अंधाऱ्या खोलीत बसून सूक्ष्मदर्शकातून या चमका मोजायच्या. पण प्रत्येक कणाची चमक उठतेच कशावरून? काही कण निसटत असतील, तर सगळी मोजणीच खोटी!

म्हणून १९०८ मध्ये रुदरफोर्ड आणि हान्स गायगर यांनी सुमारे साडेचार मीटर लांबीची काचेची नळी घेतली आणि आतली हवा काढून टाकली. एका टोकाला किरणोत्सारी पदार्थ, दुसऱ्या टोकाला जेमतेम सव्वा मिलिमीटरचं छिद्र, त्यावर अभ्रकाचा पातळ पापुद्रा. नळी एवढी लांब का? कण सगळ्या दिशांना उडतात. छिद्र लहान आणि दूर असलं की त्यातून मिनिटाला तीन ते पाचच कण जातात. मग एकेक कण सुटा मोजता येतो. छिद्रापलीकडे विजेवर चालणारा मोजक होता. कण आत शिरला की त्याचा काटा हलायचा. काट्याचे झटके आणि पडद्यावरच्या चमका, दोन्हींची मोजणी जुळली. पडद्यावर विश्वास ठेवता येतो, हे आता सिद्ध झालं.

पुढच्याच वर्षी गायगर आणि विद्यार्थी असलेला मार्सडेन यांना धातूच्या पत्र्यावरून हजारोंमागे एखादाच कण उलट फिरलेला दिसला. पडदा आधी तपासला नसता, तर ही चूकच वाटली असती. त्या दुर्मीळ चमकांमधूनच १९११ मध्ये केंद्रक सापडलं. रुदरफोर्ड १९३७ मध्ये वारले, पण ही रीत टिकली. आजही जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये ठरावीक ऊर्जेच्या कणांचा झोत सोडून नवे शोधक आधी पारखून घेतात.

आपल्या वर्गात काय होतं? उत्तर वेगळं आलं की मूल ते खोडतं आणि पुस्तकातलं उतरवतं. पुढच्या वेळी त्याला थांबवा. आधी उपकरण तपासायला सांगा. उपकरण बरोबर निघालं, तर त्याचं वेगळं उत्तर खोडू देऊ नका.